टाकीचं झाकण

"आधी टाकीचं झाकण उघड, मग तोंड उघड."

आत्या हे एकदा एका नवख्या खलाशाला म्हणाली होती. त्याची बोट बंद पडली होती आणि तो इंजिनाला, डिझेल विकणाऱ्याला, स्वतःच्या नशिबाला एका दमात नावं ठेवत होता. आत्यानं त्याचं ऐकून घेतलं, झाकण फिरवून काढलं, टाकी कोरडी ठणठणीत होती. तेव्हापासून ते वाक्य धक्क्यावर चलनात आलं. कोणी उगाच पाल्हाळ लावलं की दुसरा म्हणायचा, अरे, आधी झाकण उघड.

वाक्य तिचं असलं तरी सवय आजोबांची होती. आजोबा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. त्यांना तीन मुलं. माझे वडील मधले, ते शाळेत शिकवायला लागले. धाकट्या काकांना इंजिनापेक्षा पाणी आवडलं, ते सुकाणू धरून उभे राहिले. थोरली आत्या. आजोबांची बोटं जाड होती, आणि पंपाच्या मागे एक नट असा असतो की तो डोळ्यांना दिसत नाही, फक्त बोटांना सापडतो. तो आत्याच्या बोटांना सापडायचा. आधी त्या एका नटापुरती ती बोटीत उतरायची. पुढे आजोबांचे गुडघे गेले आणि ते वरून सांगायचे, ही खाली उतरायची. मग आजोबाच गेले. सांगणारं कोणी उरलं नाही, तरी हिचं उतरणं थांबलं नाही.

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, शिंपी. त्यांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीच्या एका बाजूला शिवणयंत्र आणि दुसऱ्या बाजूला आत्याचं लाकडी टेबल, त्यावर पकडी, पाने, उघडे पंप, डिझेलात बुडवून ठेवलेले वॉशर. मधल्या जागेतून दोन माणसं एकदम जाऊ शकत नसत. कापडाला तेलाचा डाग पडू नये म्हणून आतोबांनी मधे जाड ताडपत्रीचा पडदा लावला होता. कोणी विचारलं तर म्हणायचे, "आमच्या घरात न बंद पडणारं इंजिन एकच, आणि ते मी चालवतो." आत्याला हे ऐकू जायचं नाही. गेलं तरी ती ऐकू न आल्यासारखं करायची.

तिचे कान इंजिनांनी खाल्ले होते. वर्षानुवर्षं लोखंडाच्या धडधडीत डोकं घालून बसल्यावर दुसरं काय होणार? डावा कान जवळजवळ गेला होता, उजव्याशी जरा मोठ्यानं बोलावं लागायचं. पण मी तिला काम करताना पाहिलं आहे आणि अजून मला नीट सांगता येत नाही की मी काय पाहिलं. ती इंजिनावरच्या फळ्या बाजूला करायची, चालू इंजिनाच्या अंगावर तळहात सपाट ठेवायची आणि डोळे मिटायची. डिझेलच्या नळीवर दोन बोटं टेकवायची, नाडी बघावी तशी. कधी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लोखंडाला लावून त्याची लाकडी मूठ दातांत धरायची. आजूबाजूला चार माणसं बोलत असली तर गप्प व्हायची. तिला काही ऐकू येणार नाही हे माहीत असूनही गप्प व्हायची. मग ती म्हणायची, "दुसऱ्या नंबरचा सिलिंडर आजारी आहे," आणि दुसरा उघडला की तो आजारी असायचा. इतक्या गरम, थरथरत्या धातूतून तिच्या हाडांपर्यंत काय पोचत असेल, या विचारानं माझ्या अंगावर काटा यायचा. अजून येतो.

तर ही गोष्ट त्या बोटीची, जी काका चालवायचे.

खाडीच्या या काठावर वस्ती, त्या काठावर कारखान्यांची फाटकं आणि दवाखाना. पूल लांब, त्यामुळे माणसं, सायकली, आजारी माणसं, भाजीच्या टोपल्या सगळं बोटीनं जायचं. सकाळच्या फेऱ्या काकांकडे, दुपारनंतरच्या दुसऱ्या नावाड्याकडे. या दुसऱ्याला सगळे शंकासुर म्हणायचे. दोर नीट बांधला का, पाऊस येईल का, डिझेल पुरेल का, त्याला शंका येत नाही अशी गोष्ट नव्हती. प्रत्येक फेरीआधी तो टाकीचं झाकण उघडून आत काठी बुडवून बघायचा. काका बघायचे नाहीत. सकाळी टाकी भरून झाकण घट्ट लावलं की लावलं. डिझेल किती जळतं हे त्यांना पायाखालच्या थरथरीवरून कळायचं.

आमच्या धक्क्यावर एक रीत होती. इंजिन हातानं फिरवून चालू करायचं जे वाकडं लोखंडी हँडल असतं, ते प्रत्येक नावाड्याचं आपापलं. ते बोटीत ठेवायचं नाही, घरी न्यायचं. काकांचं हँडल त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला असायचं. थंडीत हाताला चटका बसतो म्हणून काकूनं त्याच्या मुठीला ताडपत्रीची पट्टी शिवून दिली होती. नावाड्यानं एखाद्या दिवशी हँडल बोटीच्या मालकांच्या टेबलावर ठेवलं की त्यानं बोट सोडली, असं समजायचं. वेगळं काही बोलावं लागत नसे.

काकू आजारी पडली तेव्हा काका तिच्या उशाशी बसून राहिले. बोटीच्या तळाच्या फळ्या नाहीतरी बदलायच्या होत्या, म्हणून मालकांनी त्याच काळात ती पाण्याबाहेर ओढून ठेवली आणि दुसरी, भाड्याची बोट चालवली. काकू गेली. काही दिवसांनी बोट पाण्यात उतरली आणि काका बोटीत उतरले. आणि लगेचच इंजिन बंद पडायला लागलं.

बंद पडायचं ते सुद्धा कसं? सकाळच्या पहिल्या फेऱ्या लोण्यासारख्या जायच्या. मग ऊन वर आलं की कधीतरी, नेमकं मध्यावर, इंजिनाचा आवाज खाली बसायचा. पुन्हा उठायचा, पुन्हा बसायचा. दम लागलेला माणूस जिना चढताना मधेच कठडा धरतो तसं ते थांबत थांबत गप्प व्हायचं. बोट प्रवाहाबरोबर तिरकी व्हायला लागायची. दुसरी एखादी बोट येऊन ओढून धक्क्याला आणायची. आत्या यायची. झाकण उघडायची, वास घ्यायची, टाकीत बोट बुडवून डिझेल अंगठ्यावर चोळायची. पाणी नाही, कचरा नाही. मग नळीतली हवा काढायची आणि इंजिन पहिल्या फटक्यात चालू.

तिनं फिल्टर बदलला. इंजिन धावलं, आणि दोन दिवसांनी बंद पडलं. पंपातला रबरी पडदा बदलला, नळ्या बदलल्या, नोझल काढून घरी नेले आणि आतोबांच्या पडद्यामागे बसून साफ केले. आतोबा म्हणाले, "आता फक्त बोट बदलायची राहिली." प्रत्येक दुरुस्तीनंतर ती स्वतः बोट घेऊन खाडीत एक चक्कर मारायची. धडधड एकसारखी, धूर स्वच्छ. तळहाताला सगळं निरोगी लागायचं. आणि मग पुन्हा एका सकाळी, मध्यावर.

शंकासुराच्या हातात मात्र ते कधीच बंद पडलं नाही.

हे लोकांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. लोक बोटीत शेजारी शेजारी बसतात, त्यांना दुसरं काम नसतं. "बंद पडलं तरी हा माणूस जागचा हलत नाही," एकजण म्हणाला. "पाण्याकडे बघत बसतो." ते खरं होतं. इंजिन थांबलं की काका सुकाणू सोडून बोटीच्या कडेला बसायचे आणि बघत राहायचे. "बायको गेल्यापासून डोकं जाग्यावर नाही हो," दुसरी म्हणाली. "मला तर वाटतं, तेच बंद करतात. जरा शांतता मिळावी म्हणून." हे तिनं वाईट मनानं म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते सगळीकडे पोचलं.

मालक माणूस चांगला होता, पण प्रवाहात तिरक्या झालेल्या बोटीत दवाखान्यात निघालेली बाळंतीण होती, हे ऐकल्यावर त्यांची झोप उडाली. त्यांनी आत्याला बोलावलं. तिकिटाच्या खिडकीमागची ती खोली: कोपऱ्यात लाइफ जॅकेटांचा ढीग, डगमगणारं टेबल, पाण्याच्या बाजूला एक खिडकी.

"आत्या, मला एकच सांगा," ते तिच्या उजव्या कानाशी वाकून म्हणाले. "इंजिन की माणूस?"

"इंजिनात दोष नाही," आत्या म्हणाली.

"नक्की?"

"मी त्याचा नट न् नट उघडलाय. काही नाही त्यात."

"मग?"

तिनं आपल्या नखांतल्या काळ्या रेघांकडे पाहिलं. "मग माणसाकडे बघा," ती म्हणाली.

धक्क्यावर आत्याच्या शब्दावर कोणी दुसरं मत घेत नसे. मालकांनी त्या संध्याकाळीच काकांना सांगितलं की उद्या दुपारपासून त्यांनी तिकिटाच्या खिडकीत बसावं. पगार तोच. बसून काम. कोणाला वाटेल, वाईट काय आहे? पण ज्या माणसाकडे आता घरी बोलायला कोणी नव्हतं आणि ज्याला पायाखालचं लाकूड थरथरल्याशिवाय आपण जिवंत आहोत हे पुरतं पटत नव्हतं, त्याला ती खिडकी म्हणजे काय, हे आम्हा घरच्यांना माहीत होतं. पाणी दिसेल, पण काचेपलीकडचं.

आत्या त्या संध्याकाळी काकांकडे गेली. मी तिच्याबरोबर होते. काका स्वयंपाकघरात एकच कप धूत होते. दारामागे हँडल होतं, मुठीवरची पट्टी झिजून मऊ झालेली.

"एक विचारू?" आत्या म्हणाली.

"विचार."

"तूच बंद करतोस का?"

काकांनी कप पालथा ठेवला. हात पुसले. मोठ्यानं बोलावं लागतं म्हणून मोठ्यानं बोलले, आणि त्यामुळे ते जास्तच कठीण झालं. "ताई, टाकीचा घेतेस तसा आज माझा वास घ्यायला आलीस?"

"सरळ सांग रे."

"काय सांगू? सकाळी ये. शेवटच्या फेऱ्या आहेत माझ्या. समोर बस आणि माझे हात बघ."

ती गेली. इंजिनावरच्या फळ्यांवर, सुकाणूकडे तोंड करून बसली. मला पलीकडच्या काठावर कामाला जायचं होतं, पण मी उतरले नाही. त्याच बोटीनं परत आले, पुन्हा गेले. काकांनी टाकी भरली, झाकण घट्ट लावलं, हँडल मारलं आणि ते आडवं आपल्या पायाशी ठेवलं. त्या दिवशी ते नेहमीच्या जागी, फळीखाली, ठेवलं नाही. दुपारी ते टेबलावर ठेवायचं होतं.

आत्या त्यांच्या हातांकडे बघत होती. काका समोर पाण्याकडे. दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर होते आणि फेरीमागून फेरी एक शब्द नाही. माणसं चढत होती, उतरत होती. एका टोपलीवाल्या बाईनं विचारलं, "आज आत्या तिकीट काढून आल्या का?" कोणी हसलं नाही.

आणि मध्यावर आवाज बसला.

मी काकांचे हात पाहिले. दोन्ही सुकाणूवर होते, बोटं इतकी घट्ट की पेरं पांढरी झाली होती. आवाज उठला, बसला, परत उठला. आत्याला तो कानांनी कळला नसावा. तिच्या बुडाखालच्या फळ्या थरथरायच्या थांबल्या तेव्हा तिनं काकांच्या हातांवरची नजर काढली. इंजिन बंद पडलं. मग ती शांतता पसरली जी फक्त पाण्यावर असते, आणि तिच्यात बोटीच्या कुशीला लागणारं पाणी बारीक बारीक बोलायला लागलं. आत्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. तिनं त्या माणसाला काय विचारलं होतं, हे तिला त्या क्षणी पुरतं कळलं होतं.

सवयीनं ती उठली आणि टाकीकडे वळली. हात झाकणावर गेला.

"ताई, थांब," काका म्हणाले.

ती थांबली.

"दर वेळी तू येतेस आणि ते झाकण उघडतेस. उघडलंस की हे चालू होतं. मग सगळे माझ्याकडे बघतात. आज उघडू नकोस. हे बंद पडलेलं असताना बघ की एकदा."

काका फार मोठ्यानं बोलले नव्हते. पण आत्याला ते ऐकू गेलं. तिचा हात झाकणावर तसाच राहिला, जणू तो तिचा नव्हता. मला वाटतं, त्या वेळी तिनं इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आपला हात पाहिला. मग तिनं तो काढला.

ती खाली बसली आणि टाकीच्या अंगावर तळहात टेकवला. टाकी पत्र्याची, कुशी जराशा फुगीर. तिनं हात वरून खाली नेला, पुन्हा वर नेला. "आत गेलाय," ती पुटपुटली. पत्रा आत ओढला गेला होता, उपाशी माणसाच्या गालासारखा, आणि ताणलेला होता. तिनं पंपाची कळ दाबली. नळीत डिझेल आलं नाही. टाकी अर्ध्याहून अधिक भरलेली, आणि एक थेंब येत नव्हता.

मग तिनं हात खाडीत बुडवून ओला केला, तो झाकणाभोवती ओंजळीसारखा धरला, आणि दुसऱ्या हातानं झाकण अगदी थोडं, केसभर, फिरवलं.

बोटीत एवढी माणसं होती, पण तेव्हा कोणी खोकललं नाही. बारीक शिट्टीसारखा आवाज आला. लांबत गेला. तो आत्याला ऐकू येत नव्हता. धक्क्यावरच्या गोंगाटात तो इतक्या दिवसांत आणखी कोणालाही ऐकू आला नव्हता. पण तिच्या ओल्या तळहाताला हवा लागली, आत जाणारी, ओढून घेणारी, थंड. टाकीचा पत्रा 'टण्' करून बाहेर आला आणि तिच्या गुडघ्याला लागला. तिनं वर पाहिलं. म्हाताऱ्या होत आलेल्या त्या चेहऱ्यावर मी असं काही पाहिलं की जे मला पुढे फक्त एकदाच, पहिल्यांदा मूल हातात घेतलेल्या एका बाईच्या चेहऱ्यावर दिसलं.

"श्वास घेतला रे हिनं," ती काकांना म्हणाली.

टाकीतलं डिझेल इंजिन पितं. जेवढं डिझेल जातं तेवढी हवा टाकीत यायला हवी, नाहीतर आत पोकळी होते आणि ती पोकळी डिझेल धरून ठेवते, सोडत नाही. त्यासाठी टाकीच्या माथ्यावरून एक बारीक नळी निघून बोटीच्या काठाखाली जाते, पाणी शिरू नये म्हणून टोकाशी खाली वाकवलेली. आत्यानं तारेचा तुकडा घेतला, कोणाच्या तरी पायांमधून वाट काढत काठाशी गेली, पोटावर आडवी झाली आणि ती तार नळीत घातली. तार अडली. तिनं ती फिरवत फिरवत ओढली. आधी धूळ पडली, मग वाळलेल्या मातीचा एक लांबट खडा तिच्या हातात आला.

तिनं तो नखानं फोडला. आत कोनाडा होता, गुळगुळीत, लिंपलेला. त्यात पाय दुमडून ठेवलेले बारके कोळी, वाळून गेलेले, आणि त्यांच्यामध्ये कुठल्याशा अळीचं रिकामं कवच.

"कुंभारीण माशी," टोपलीवाली मान पुढे काढून म्हणाली. "आमच्या खिडकीतही घर करते." आणि जरा थांबून, "बिनतिकीट प्रवासी निघाला हो."

काका हसले. काकू गेल्यापासून ते हसलेले आम्ही कोणी पाहिलं नव्हतं. सगळी बोट त्यांच्याबरोबर हसली, जास्तच हसली.

मी मात्र त्या मातीच्या खड्याकडे बघत होते. काकू अंथरुणावर पडली होती, काका तिच्या उशाशी, बोट कोरडी, उन्हात. आणि त्या दिवसांत एक माशी तोंडातून चिमूटभर ओली माती आणत होती, ठेवत होती, परत जात होती. तिला खाडी माहीत नव्हती, दवाखान्याला निघालेली बाळंतीण माहीत नव्हती. लोक म्हणत होते की काकूच्या जाण्याचा आणि बोटीच्या थांबण्याचा संबंध आहे. संबंध होता. पण तो कोणी कल्पना केली असती असा नव्हता.

आत्यानं नळी फुंकून पाहिली, टाकीचं झाकण घट्ट लावलं, हवा काढली. काकांनी हँडल मारलं. त्या सकाळी इंजिन पुन्हा थांबलं नाही, आणि झाकणाला कोणी हात लावला नाही.

दुपारी मालकांच्या खोलीत आम्ही सगळे होतो. शंकासुर बोट ताब्यात घ्यायला आलेला. काकांनी हँडल टेबलावर ठेवलं, कारण त्यांना तसं सांगण्यात आलं होतं. आत्यानं त्याच्या शेजारी मातीचा खडा ठेवला.

"हे काय?" मालक म्हणाले.

आत्यानं सांगितलं. ती सहसा इतकं बोलत नसे.

"एवढ्याशा मातीनं?" मालक खडा उलटा पालटा करून बघत राहिले. "पण मग याच्या हातात का नाही बंद पडली?" त्यांनी शंकासुराकडे बोट केलं.

"तो दर फेरीला झाकण उघडतो," आत्या म्हणाली. "दर फेरीला हवा आत जाते."

शंकासुराचं तोंड उघडंच राहिलं. मग तो म्हणाला, "म्हणजे माझ्या शंकेवर चालली होती म्हणा ना बोट. आणि तुम्ही सगळे मला हसत होता." थोड्या वेळानं त्याला दुसरी शंका आली. "पण आत्या, नळी परत बुजली तर?"

"जाळी बसवते टोकाला."

"आणि जाळी—"

"बस बाबा तू जरा," मालक म्हणाले. त्यांच्या जिवावरचं ओझं उतरलेलं दिसत होतं. "आत्या, तुम्ही होता म्हणून सापडलं. नाहीतर मी या माणसाला खिडकीत बसवून मोकळा झालो असतो."

"मी होते म्हणून इतके दिवस सापडलं नाही," आत्या म्हणाली.

कोणाला कळलं नाही. तिनं उजवा हात टेबलावर ठेवला, पालथा. "बाबांच्या वेळी झाकणालाच भोक असायचं हवेसाठी. उघडल्यानं आत काही बदलायचं नाही, म्हणून ते उघडून बघायचे ते बरोबर होतं. मी तशीच उघडत राहिले. मी आले की पहिलं झाकण उघडायचं. झाकण उघडलं की दुखणं गेलं. मग मी धडधाकट इंजिन घेऊन बसायची तपासत. आणि तपासून तपासून..." ती काकांकडे वळली. "मालकांना मी सांगितलं होतं. इंजिनात काही नाही, माणसाकडे बघा म्हणून. हे माझं वाक्य होतं. मालकांचं नव्हे."

खिडकीतून बोटीच्या दोराचा करकर आवाज येत होता.

"माहीत होतं मला," काका म्हणाले. मग तिला ऐकू जावं म्हणून पुन्हा, मोठ्यानं: "माहीत होतं, ताई. तुझ्या शब्दाशिवाय या धक्क्यावर एक बोल्ट हलत नाही. मला खिडकीत कोण हलवणार?"

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तुझं कधी चुकलेलं मी पाहिलं नव्हतं. मलाच वाटायला लागलं होतं की मीच बंद करत असेन. झोपेत असतात ना माणसं, तसं." "रोज सकाळी मी माझे हात बघायचो."

मालकांनी हँडल टेबलावरून काकांच्या बाजूला सरकवलं आणि म्हणाले, "दुपारच्या फेऱ्याही आज तुम्हीच करा. तो उद्या येईल. लोक थांबलेत खाली."

काकांनी हात पुढे केला, पण हँडल उचललं नाही. त्या झिजलेल्या पट्टीवर त्यांची बोटं नुसती टेकली होती आणि थरथरत होती, जोरानं नाही, बारीक, आतून. आत्यानं ते पाहिलं. ती उठली. तिनं आपला तळहात त्यांच्या हातावर सपाट ठेवला, डोळे मिटले, आणि चालू इंजिनावर ठेवायची तेवढाच वेळ तसाच राहू दिला. मग त्यांच्या बोटांखालून हँडल अलगद काढून घेतलं, खांद्याला लावलं, "चल, आज हँडल मी मारते," म्हणाली आणि धक्क्याकडच्या दारातून बाहेर पडली.